बांधाला कोण

त्या सोमवारी मागच्या दाराला रंग दिला नसता तर चारुशीला लिमये आपली नेहमीसारखी मागून आत गेली असती, आणि तिच्या जिवाला लागलेला घोर निदान काही दिवस तरी टळला असता. पण शिपायाने हात आडवा केला. "मॅडम, ओला हाय, पुढनं जावा." म्हणून सहा वर्षांत पहिल्यांदा ती साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात पुढून आली, म्हणजे शेतकरी येतात त्या बाजूने. सांगलीहून साडेसहाची एसटी, आष्ट्यापासून पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत काढलेला पाऊण तास, साडीवर चिमणीच्या काजळीचे बारीक ठिपके, डोकं आधीच भणभणलेलं. चौकशीच्या खिडकीपाशी पंधरा-वीस माणसं होती, त्यांतल्या निम्म्या बायका. आणि खिडकीत जी कॉम्प्युटरची स्क्रीन होती, चारुशीलाची स्क्रीन, ती लोकांना दिसेल अशी तिरकी वळवून तिच्यावर साडीच्या खोक्याचं गुलाबी झाकण सुतळीने बांधलेलं होतं. झाकणाला ब्लेडने तीन चौकोनी भोकं पाडली होती. चारुशीला जागच्या जागी थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "आवं बाई, रांगंत या की," आणि ती खरोखरच रांगेत उभी राहिली.

खिडकीच्या आत दीपमाला बसली होती. हंगामापुरती रोजंदारीवर घेतलेली ऑपरेटर, बारावी पास, सासर कारखान्यापासून तीन किलोमीटरवर, माहेर आटपाडीकडचं. पुढ्यात एक चाळिशीची बाई, पदर दातात धरलेला. दीपमालाने तिला नाव विचारलं नाही. सभासद क्रमांक विचारला नाही. गावाचं नाव ऐकलं आणि अगदी पाणवठ्यावर विचारावं तसं विचारलं, "बांधाला कोण गं, मावशी?" बाईच्या दातातून पदर सुटला. "वरल्या अंगाला भाऊसो जमदाडे. खालनं वढाच हाय." दीपमालाची बोटं चालली. "आकाराम ज्ञानू?" तिने वाचलं. बाई लाजली आणि मान हलवली. "व्हय. त्येच की." "सोळा तारखेला तोडीची टोळी येतीया तुमच्यात. जनावराला उसाचं वाडं पायजे आसंल तर आदल्या दिशी सांगून ठेवा." बाई हसत बाजूला झाली. एवढं सगळं व्हायला चहाचा कप निम्मा व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता. चारुशीला रांगेतून बाहेर पडली.

तो प्रोग्रॅम तिचा होता. एक्क्याण्णव साली वालचंद कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन ती या कारखान्यात आली तेव्हा शेतकी ऑफिसात सोळा रजिस्टरं आणि आप्पासो नावाचे एक कारकून होते. कुणाचा ऊस कुठल्या रानात, लागण कधीची, तोड कधी येणार, सगळं रजिस्टरात आणि त्याहून जास्त आप्पासोंच्या डोक्यात. ते खिडकीतून नुसतं तोंड बघायचे आणि "तुजी पाळी दिवाळीनंतर, जा" म्हणायचे. चारुशीलाने ती सोळा रजिस्टरं तेवीस खान्यांत बसवली. सभासद क्रमांक, खातेदाराचं नाव, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख. मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड पुण्याहून स्वतः जाऊन आणलं. आप्पासो रिटायर झाले तेव्हा सत्काराला ती मनापासून दोन शब्द बोलली होती आणि मनातून म्हणाली होती, सुटलो. आता कुणाचं तोंड बघून पाळी ठरणार नाही, क्रमांक सांगा आणि उत्तर घ्या. आणि ही कालची पोर तिच्या तेवीस खान्यांवर साडीचं खोकं बांधते! बरं, बांधते तर बांधते, वर ते चालतंही!

"हे कुणी सांगितलं तुला करायला?" आत जाऊन तिने विचारलं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा चढला. दीपमाला उभीच राहिली. "काडू का मॅडम? लगीच काडते." "काढायचं नंतर बघू. का केलंस ते सांग." "आवं, बाया घरधन्याचं नाव घेत न्हाईत न्हवं का. लंबर ठावं नसला की म्होरला खाना नावाचाच. नाव इचारलं की हुब्या ऱ्हात्यात नुसत्या, मग जात्यात निगून. म्या म्हटलं, शेजाऱ्याचं नाव घ्यायला कुनाची भीड? तळाला तुमचं ते चतुःसीमा हाय बगा, तितनं शोधलं. घावलं की!" सांगताना तिचा चेहरा उजळला होता. "आणि पुठ्ठा?" "एवढं खानं बगून घाबरत्यात वो. त्यांस्नी वाटतंय, समदं इचारणार. म्हनून जेवढं लागतं तेवढंच उगडं ठिवलं." चारुशीला म्हणाली, "राहू दे." मग आपल्या केबिनमध्ये जाऊन बसली आणि समोर आलेला चहा तिने साय धरेपर्यंत तसाच ठेवला.

चतुःसीमा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला, दक्षिणेला. कागदावर हे चार खाने होते म्हणून तिने ते कॉम्प्युटरातही घातले होते, अगदी तळाशी, एकोणीस ते बावीस, तोंड वाकडं करत. कुठल्याही खान्यावरून शोध घेता येईल ही सोयही तिचीच, कारण पुस्तकात तसं करावं असं लिहिलं होतं. म्हणजे सगळं तिनेच केलेलं होतं. किल्लीही तिची आणि कुलूपही तिचं, आणि दार उघडलं भलत्याच बाईने. दुसऱ्या कुणी नवा प्रोग्रॅम लिहून आणला असता, पुण्याहून कुणी टाय लावून आला असता, तर तिला एवढं लागलं नसतं. तिने त्यात दहा चुका काढल्या असत्या. इथे चूक काढायची तर स्वतःचीच निघत होती. ती मोठी चमत्कारिक जळजळ होती, घशाशी येऊन थांबणारी, आणि दिवसभर ती खिडकीतून येणारा दीपमालाचा आवाज ऐकत राहिली. बांधाला कोण, काकी? बांधाला कोण, आक्का? दर वेळी पलीकडून कुणीतरी हसायचं. इतक्या वर्षांत त्या खिडकीपाशी कुणी हसल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

पहिल्या हंगामात ती स्वतः दोन दिवस त्या खिडकीत बसली होती. आता ते दोन दिवस नको असताना आठवायला लागले. एक तरुण बाई आली होती, हातात हिरव्या बांगड्या, नवरा लष्करात. "नाव?" "अंजना." "तुमचं नको, खातेदाराचं." बाईने खाली बघितलं. "ऊस कुणाच्या नावावर आहे?" बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली. मागे रांग वाढत होती. चारुशीलाला वाटलं, काय ही माणसं, स्वतःच्या घरातला ऊस कुणाच्या नावावर आहे हेही ठाऊक नसतं! तिने चौकशीच्या नोंदीत 'माहिती अपुरी' असं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. तेव्हापासून दरवर्षी दोनतीनशे नोंदी 'माहिती अपुरी' म्हणून बंद होत आल्या. वार्षिक अहवालात तिने त्यावर एक परिच्छेदही लिहिला होता, महिला सभासद कुटुंबीयांमध्ये जागृतीची गरज. टाइप करून, खाली सही करून. अंजनाचा ऊस त्या वर्षी मार्चपर्यंत उभा होता, तुरे येऊन त्याचं वजन घटलं होतं. हे तिला तेव्हाही कळलं होतं, पण त्या नोंदीशी त्याचा काही संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

बरं, ठाऊक नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. तिची आई कुठे नाव घ्यायची? विष्णुपंत लिमये, गणिताचे मास्तर, हे नाव आईच्या तोंडून चारुशीलाने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या खिडकीत केसपेपर काढताना आई नुसतं "ह्यांचा" म्हणाली होती आणि आतला माणूस "ह्यांचा म्हणजे कुणाचा, बाई?" असं खेकसला होता. तेव्हा नऊ वर्षांच्या चारुशीलाने टाचा उंचावून खणखणीत आवाजात सांगितलं होतं, विष्णु गणेश लिमये. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो ओला होता, घामाने. हे सगळं आपल्याला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, अंगावर होतं. मग तेवीस खाने मांडताना ते कुठे गेलं होतं? ती कॉम्प्युटरसमोर बसायची तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे माणूस असायचाच नाही, असायचा खातेदार. आणि खातेदार लाजत नाही, घाबरत नाही, पदर दातात धरत नाही. दीपमालाच्या डोळ्यांपुढे मात्र ती मावशी असायची. यात हुशारी ती कसली, चारुशीला स्वतःला म्हणाली, ती त्यांच्यातलीच आहे, एवढंच.

दीपमालाचं सगळंच मग डोळ्यांत खुपायला लागलं. तिचा डबा, त्यातली खर्ड्याची चटणी, जी ती सगळ्यांना वाटायची. तिची चार वर्षांची मयूरी, जिला ती शनिवारी घेऊन यायची आणि जी चारुशीलाच्या केबिनच्या दाराशी उभी राहून टक लावून बघायची. नवऱ्याची पत्रं. तो सैन्यात होता, राजौरीला. पत्र कारखान्याच्या पत्त्यावर यायचं आणि ती ते लगेच फोडायची नाही, ब्लाउजमध्ये ठेवून दिवसभर काम करायची. "आमच्यांचं हाय," एवढंच सांगायची. चारुशीला छत्तीसची झाली होती. घरात वडील, म्हणजे नाना, आणि ती, आई जाऊन आठ वर्षं झालेली. ज्याचं नाव घेताना जीभ अडखळावी असं तिच्या आयुष्यात कुणी नव्हतं. जगातल्या कुठल्याही माणसाचं नाव ती खणखणीत उच्चारू शकत होती. कुणाला सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, अगं, मोकळी आहेस, बरंय की. पण बाईच्या दातातून सुटलेला तो पदर तिने पाहिला होता, आणि तिला त्या बाईचाही हेवा वाटला होता, उसाची तारीख विचारायला आलेल्या त्या बाईचा.

कार्यकारी संचालकांनी तिला बोलावलं ते पुढच्याच आठवड्यात. "लिमयेबाई, त्या पुठ्ठ्याची गंमत आम्ही ऐकली. संचालक मंडळात विषय निघाला. बायकांची गर्दी वाढलीय म्हणतात, पण तक्रारी निम्म्यावर आल्यात. हे पुठ्ठ्याचं काही बरं दिसत नाही. नीट प्रोग्रॅममध्येच करा की." "करते, साहेब." "आणखी एक. रोजंदारीतल्या एकाला कायम करायचं चाललंय. खिडकीवर कायमचा ऑपरेटर लागणार का, ते तुम्ही सांगायचं. हंगाम संपायच्या आत अभिप्राय द्या." बाहेर येते तोच दीपमाला व्हरांड्यात. तिला आधीच कळलं होतं, कारखान्यात भिंतींनाही कान असतात. "मॅडम, माजी सासू म्हनतीया, कायम झालीस तर जा, न्हाईतर हंगाम संपला की घर बग. कायम झाले तर मयूरीला हितल्या कॉलनीच्या शाळंत घालता येईल वो. तुमी सायबांस्नी सांगा की जरा." तिच्या बोलण्यात लाचारी नव्हती. विश्वास होता, आणि तो चारुशीलाला जास्त जड गेला. "बघू," ती म्हणाली.

तीन आठवडे ती त्या नव्या स्क्रीनला भिडली. अशी तहानभूक विसरून ती कधी कामाला लागली नव्हती. टाइप करणं नको, बोलणंही नको, नुसते आकडे दाबायचे. आधी गावांची यादी, आपल्या गावापुढचा आकडा. मग मोठ्या अक्षरांत प्रश्न, बांधाला कोण? शेजाऱ्यांची नावं, त्यांपुढे आकडे. मग आपलं नाव दिसलं की त्यापुढचा आकडा, की तारीख. एका वेळी स्क्रीनवर एकच प्रश्न. तेवीस खाने तिने मागे दडवले, त्यांतला एकही काढला नाही, पण दिसत कुणालाच नव्हता. ती मधूनमधून उठून दीपमालाच्या मागे जाऊन उभी राहायची आणि ऐकायची. बाई आधी काय विचारते, कशाला अडखळते. एकदा तिने वहीत लिहून घेतलं, तारीख सांगितल्यावर वारही सांगावा, बायका वारावर दिवस मोजतात. हे दीपमाला रोजच करत होती. चारुशीलाने ते स्क्रीनवर घातलं आणि तिला वाटलं, हे तरी माझं. मग वाटलं, कसलं माझं! ती आनंदात असायची आणि त्या आनंदात सारखं काहीतरी बोचायचं, चपलेत खडा असावा तसं.

फेब्रुवारीत फलटणच्या बाजूच्या एका कारखान्याची माणसं बघायला आली. सहा जण होते, त्यांतले दोन संचालक फेटे बांधून आलेले. नवी स्क्रीन काचेच्या पेटीत, आकड्यांची कळपट्टी बाहेर. त्यांतल्या एकाने गंमत म्हणून दाबून बघितलं आणि तिथल्या तिथे कुणा अनोळखी माणसाची तोड सापडल्यावर लहान मुलासारखा हसला. "हे सुचलं कसं तुम्हाला, मॅडम?" दीपमाला दोन हात अंतरावर, पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. चारुशीलाला तो क्षण नंतर फार वेळा आठवला. उत्तर दोनच शब्दांचं होतं आणि ते दोन्ही शब्द जिभेवर होते. ती म्हणाली, "निरीक्षणातून." म्हणताना तिने दीपमालाकडे बघितलं नाही, पण सगळं अंग तिकडे कान देऊन होतं. आता ही काहीतरी बोलेल. निदान ग्लास जरा जोरात आपटेल. दीपमाला म्हणाली, "मॅडमनी लय मन लावून केलंय. समदी जनं खूश हायती," आणि ग्लास पुढे केले. चेहऱ्यावर नुसतं कौतुक. तिला काही गेल्यासारखं वाटतच नव्हतं! ती त्याला आपलं समजतच नव्हती, बाया बोलायच्या तसं तिने केलं होतं, बस्स. चारुशीलाला वाटलं, हिने भांडायला हवं होतं. ही भांडली असती तर मी दिलं असतं हिचं हिला. असं आयतं घेतलेलं पचत नाही. त्या दिवशी टाळ्या झाल्या, सत्काराचा नारळ झाला, आणि सांगलीच्या गाडीत खिडकीशी बसून ती रस्त्याची वळणं मोजावीत तसे आपले दोष मोजत नव्हती, दीपमालाचे शोधत होती. एक सापडेना.

अभिप्राय तिने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लिहिला. दुपारी, सगळं ऑफिस जेवायला गेलेलं असताना, एका बैठकीत. 'चौकशी खिडकीवरील नवीन स्क्रीन वापरण्यास अत्यंत सुलभ असून सभासद व त्यांचे कुटुंबीय कोणाच्याही मदतीशिवाय माहिती घेऊ शकतात. सबब स्वतंत्र ऑपरेटरची आवश्यकता राहत नाही.' तिने ते तीनदा वाचलं. एक शब्द खोटा सापडला नाही. स्क्रीन सुलभ होती, लोक वापरत होते, आकडे तिच्याकडे होते. कुणी विचारलं असतं तर तिने छातीठोकपणे सांगितलं असतं, मी कामाचं लिहिलंय, माणसाचं नाही. तिने सही केली. तिला फक्त एवढं जाणवलं की घशाशी असलेलं ते, डिसेंबरपासूनचं, पहिल्यांदा जरा खाली उतरलंय. त्या हलकेपणाची तिला शरम वाटायला हवी होती. ती चार दिवसांनी वाटली, दीपमाला निरोप घ्यायला आली तेव्हा. "मॅडम, म्हंजी मी नसले तरी बायांस्नी जमंल न्हवं?" "जमेल." "मग झालं की," दीपमाला म्हणाली. तिचे डोळे लाल होते, ती रडून आली होती, आणि तरी त्या प्रश्नात खोच नव्हती. तिला खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं. जाताना ती खोबऱ्याची वडी ठेवून गेली. चारुशीलाने ती शिपायाला दिली.

पुढचा हंगाम नोव्हेंबरात मोळी टाकून सुरू झाला. स्क्रीन खिडकीतून काढून बाहेर व्हरांड्यातच बसवली होती, दिवसभर चालू. आत कुणी बसायची गरज नाही. पहिले दोन आठवडे चारुशीला रोज सकाळी आकडे काढायची. किती जणांनी चौकशी केली, किती जणांची अर्ध्यातच सुटली. सोमवार, मंगळवार, बुधवार बरीचशी अर्ध्यात सुटायची. गावाची यादी यायची आणि पुढे काहीच नाही, माणूस निघून गेलेला. गुरुवारी मात्र एकही सुटायची नाही. दर गुरुवारी. बाजाराचा दिवस, गर्दी दुप्पट, आणि सगळ्या चौकशा पुऱ्या. मशीनमध्ये काही दोष आहे का म्हणून तिने दोन दिवस प्रोग्रॅम तपासला. दोष नव्हता. तिसऱ्या गुरुवारी ती खिडकीच्या आत येऊन, काचेला लावलेल्या कागदाच्या फटीतून बाहेर बघत उभी राहिली.

व्हरांड्यात दीपमाला होती. हातात बाजाराची पिशवी, कडेला मयूरी. स्क्रीनपुढे सत्तरीची एक म्हातारी, आणि तिच्यामागे तशाच दहा-बारा जणी, कपाळावर आडवं गोंदण असलेल्या, पांढऱ्या केसांच्या, अक्षरओळख नसलेल्या, आकडे तेवढे ओळखणाऱ्या. दीपमाला वाचून दाखवत होती. "बांधाला कोण, आज्जे? बयाबाई? बयाबाईचं पाच नंबरला हाय. दाबा पाच. न्हाई, ह्यो न्हवं, त्येच्या खालचा. हां." म्हातारी आपल्या हाताने दाबायची. दीपमाला तिचं बोट धरायची नाही, नुसती शेजारी उभी राहायची. वाचता येत नाही! एवढी साधी गोष्ट. स्क्रीन कितीही मोठ्या अक्षरांत लिहिली तरी ती वाचावी लागते, हे चारुशीलाच्या ध्यानात आलं नव्हतं. गेल्या वर्षी हे सगळं वाचण्याचं काम दीपमाला मोठ्याने बोलून करत होती, म्हणून कुणाला दिसलंच नव्हतं, चारुशीला मागे उभी राहून ऐकत असतानाही. 'कोणाच्याही मदतीशिवाय.' तिची सही होती त्याखाली. आणि ही पोर तीन किलोमीटर चालत, फुकट, दर गुरुवारी येऊन त्या सहीखालचं खोटं खरं करत होती.

आता सरळ मार्ग एकच होता. आत जायचं, कागद घ्यायचा, लिहायचं की माझा अभिप्राय चुकला, खिडकीवर माणूस लागतो, आणि हा माणूस लागतो. दहा ओळींचं काम. कार्यकारी संचालक काही बोलले नसते, उलट म्हणाले असते, बरं झालं, कळवलंत. चारुशीला खुर्चीत बसली, कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. बाहेर हशा पिकला. कुणीतरी म्हातारी म्हणत होती, "आमची दीपी हाय म्हनून, न्हाईतर ह्या डब्याला कोन इचारतंय!" डबा. तीन आठवडे तहानभूक विसरून केलेला डबा. पुढची पंधरा वर्षं ह्या खिडकीतून हा आवाज ऐकायचा, पगारपत्रकात तिचं नाव बघायचं, आणि आलेल्या प्रत्येक बाईने आधी तिला शोधायचं, मग स्क्रीनला. घशाशी ते परत आलं होतं, अगदी वरपर्यंत. चारुशीलाने लिहिलं. लिहून झाल्यावर तिने ते पेंटरकडे पाठवलं, कार्यकारी संचालकांकडे नाही.

पाटी पुढच्या गुरुवारी सकाळी लागली, पांढऱ्यावर लाल अक्षरं. 'चौकशी यंत्राजवळ काम नसलेल्या बाहेरील व्यक्तींनी थांबू नये. गर्दी करणाऱ्यांवर कारवाई केली जाईल. – हुकमावरून.' चारुशीला आत, फटीशी उभी होती. आपण काय करून बसलो हे तिला कळत होतं. तरी ती बघायला उभी होती. दीपमाला आली. पाटीपुढे थांबली. ओठ न हलवता तिने ती वाचली, बहुतेक दोनदा, कारण तिला वेळ लागला. काम नसलेल्या बाहेरील व्यक्ती. तिची मान आपोआप खिडकीकडे वळली, पण काचेवर कागद होता. मागून म्हाताऱ्या गोळा झाल्या. "काय लिवलंय गं, दीपा? नवं दिसतंय. आमच्यासाटी हाय का?" दीपमालाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. चारुशीलाला वाटलं, आता ही वाचणार, जशीच्या तशी, आणि त्या सगळ्या बायकांची तोंडं बघावी लागणार.

"हुबं ऱ्हाऊन पाय दुखत्यात म्हनून लिवलंय, आज्जे," दीपमाला म्हणाली. "समद्यांनी तिकडं सावलीला बसायचं, आनि एकेकीनं यायाचं. मी तितंच हाय. चला." म्हाताऱ्या खूश झाल्या. "बगा, किती इचार करत्यात आपला," त्यांतली एक म्हणाली, आणि खिडकीकडे बघून तिने कागदाला हात जोडले. मग त्या चिंचेखाली जाऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांतली पहिली उठली, दीपमालाने आठवणीतून सांगितलेले आकडे घोकत एकटीच स्क्रीनपाशी आली, दाबले, आणि तारखेचा आकडा नुसता बघून ठेवून परत चिंचेकडे गेली, दीपमालाला सांगायला. गर्दी नव्हती. कुणी थांबत नव्हतं. पाटीवर होतं ते अगदी तसंच चाललं होतं, आणि कुणाचा अपमान झाला नव्हता. पाटी अशी लिहायची असते, हे चारुशीलाच्या मनात आलं. आपल्याला हे सुचलं नसतं हेही लगोलग आलं. ती काचेच्या आत उभी होती, आणि मघाशी जोडलेले ते हात आपल्यासाठी नव्हते, हे आत ती आणि बाहेर दीपमाला, अशा फक्त दोघींना माहीत होतं.